उदास बसायचा मठ

आमच्या घरात तूप होतं, पण ते आमचं नव्हतं. चुलीच्या वरच्या फळीवर एका पितळी डब्यात ते असे, आणि मी त्या फळीकडे नुसतं पाहिलं तरी आई म्हणे, "मठाचं आहे गे तें." आम्ही सकाळी रात्रीचा पाण्यात भिजवून ठेवलेला भात खायचो, मिठाचा खडा आणि हिरवी मिरची लावून, तो भातही महिना संपत आला की पातळ होत जाई, म्हणजे पाणी तेवढंच आणि शितं कमी. अप्पा शिंपी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत, एका मारवाड्याच्या कापडदुकानाच्या पायरीवर त्यांचं मशीन होतं. पायरीवर, दुकानात नव्हे. आम्ही राहायचो ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. अप्पा पहिल्या बसनं जात आणि दिवे लागताना परत येत. तयार शर्ट बाजारात येऊ लागले होते, आणि पायरीवर बसणाऱ्या माणसाकडे लोक फक्त उसवलेलं शिवायला आणू लागले होते. आई घरी बसून काजं करी, गुंड्या लावी. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला सुईनं जाळी पडली होती. मला ती जाळी लहानपणी फार सुंदर वाटे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवण्याचं वय माझं आता राहिलं नाही. मराठी आम्ही घरी बोलायचो, पण वाचायला कुणालाच येत नव्हतं. शाळा तमिळ, पाट्या तमिळ, देवळातले श्लोकसुद्धा तमिळ अक्षरांत. ही बाळबोध अक्षरं मी नोकरी लागल्यावर, केस पिकायला लागल्यावर शिकले. त्यामुळे पुण्यामुंबईच्या माणसाला माझं लिहिणं कुठे जुनं, कुठे उलटं वाटलं, तर वाटू दे. आमच्या घरात असंच बोलत.

आता मठाविषयी. आमच्या घराला लागून, रस्त्याच्या अगदी कडेला, एक कौलारू खोली होती. पुढे तिण्णै, म्हणजे बसायला बांधलेला उंच कट्टा. आत एक खळगा, त्यात राखेवर राख साठलेली. त्याच्यामागे विटांचा बुटका चौथरा, तो समाधीचा. आणि चौथऱ्यावर नारळाएवढा राखेचा गोळा. मूर्ती नाही, चित्र नाही. गावातले लोक येता जाता त्या खळग्यातली राख कपाळाला लावत, जसा शिवाच्या देवळातला तिरुनीर, म्हणजे भस्म, लावतात तशी. कुणी त्याला राखेचा सामी म्हणे, कुणी गव्हाचा सामी. आम्ही म्हणायचो उदासी मठ.

गव्हाचा सामी कां, तर वर्षातून एकदा मठात पंगत असे आणि त्या पंगतीला गव्हाच्या पिठाचा प्रसाद. आमचा सगळा मुलूख तांदळाचा. घरापुढे भात, मागे भात, देवाला भात, मेलेल्याला भात. गहू आमच्याकडे ताप आलेल्या माणसासाठी आणत, किंवा साखरेचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांसाठी. पण मठाला गहूच लागे. आई तो आदल्या दिवशी निवडून दळून आणी, आणि मग पीठ, तूप, साखर तिन्ही एकाच पितळी भांड्यानं मोजून घेई. तिन्ही सारखं. भांडं भरताना पीठ दाबायचं नाही, साखर शिगेला जाऊ द्यायची नाही. तूप तापलं की पीठ टाकून ती परतत बसे, आणि त्याचा वास आधी ओल्या मातीसारखा, मग भाजक्या शेंगांसारखा, मग ज्याला मला आजही नाव देता येत नाही असा होई. त्यात वेलची नाही, काजू नाही. मी एकदा म्हटलं, "आई, दोन काजू घाल की." ती म्हणाली, "सांगितलंय तेवढंच करायचं. आपल्या जिभेसाठी नाहीं तें." कोणी सांगितलंय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला कडा म्हणायचो. मला वाटे, कढईत करतात म्हणून कडा.

आणि पंगत एकच. गावच्या देवळात जेवण असलं की तीन ओळी बसत आणि कालव्यापलीकडची वस्ती त्या तिन्हींत नसे; त्यांना नंतर, बाहेर. मठात मात्र एकच ओळ. जो आधी आला तो आधी बसला. गावातले मोठे जमीनदार स्वतः कधी आले नाहीत, पण त्यांच्या घरच्या बायका येत, आणि कालव्यापलीकडच्या म्हाताऱ्यांशेजारी बसून खाली मान घालून खात. घरी जाऊन त्या आंघोळ करत असतील, ते मला माहीत नाही. जेवताना कुणी उठलं नाही, एवढं मी पाहिलं आहे.

मठाची गोष्ट अप्पा सांगत ती अशी. तंजावूरच्या मराठी राजांच्या काळात आमचा कुणी पूर्वज ओरत्तनाडूच्या चत्रमात, म्हणजे धर्मशाळेत, येणाऱ्या यात्रेकरूंसाठी कनाती आणि गोधड्या शिवायला आला. एक साधू उत्तरेकडून चालत रामेश्वरला निघालेला, तापानं फणफणून ह्या गावात पडला. त्याची भाषा गावात कुणाला कळेना. आमच्या पूर्वजाला तुटकी तुटकी कळली, कारण आमची मराठी त्याच्या बोलीला थोडी जवळ. पूर्वजानं विचारलं, तुम्ही कोण? साधू म्हणाला, मी उदासी. पूर्वजानं विचारलं, कशानं उदास? आणि तापात पडलेला तो साधू खूप हसला. बरा झाला, पण रामेश्वरला गेला नाही. इथेच राहिला, लोकांना जेवू घालायला शिकवलं, इथेच गेला. एवढीच गोष्ट. अप्पांना त्यांच्या अप्पांनी सांगितलेली. तो हसला कां, हे मी विचारलं की अप्पा म्हणत, "साधू लोक हसतात."

ह्या गोष्टीतून आमच्या घराण्यानं काय घेतलं, तर मठ उदास माणसांसाठी आहे. घरात कुणाचं मन लागेना, कुणी चिडचिड करायला लागलं, की म्हातारी माणसं म्हणत, "जा, मठांत बसून ये." तिथे जाऊन काही मागायचं नाही. नवस नाही, नारळ नाही, हात जोडणंसुद्धा नाही. नुसतं बसायचं, आणि उठावंसं वाटलं की उठून काहीतरी खायचं. हळदकुंकू तिथे नेत नसत. लग्नाची पहिली पत्रिका कधी तिथे ठेवली नाही. आनंदाचं काही असलं तर ते देवळात. मठ फक्त दुःखाचा.

माझ्यानंतर आईला दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले. एक जन्मून थोड्याच दिवसांनी. दुसरा चालायला लागल्यावर, पावसाळी तापात. दुसऱ्याचं नाव रामू. त्याचे पाय वाकडे पडत आणि तो कोंबड्यांमागे धावे, एवढं मला आठवतं. तो गेल्यावर आई बोलेनाशी झाली. स्वयंपाक करी, काजं करी, पण बोलत नसे. रोज दुपारी भांडी घासून ती मठात जाऊन बसे, समाधीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. बस जात, बैलगाड्या जात. मी शाळेतून आले की ती तिथेच दिसे. मी तिच्या शेजारी बसे आणि आम्ही दोघी काही बोलत नसू. मग ती उठे आणि मला म्हणे, "चल, खाऊं काहीं." असं किती चाललं ते सांगता येणार नाही. एक दिवस तिनं अप्पांना विचारलं, "अवो, उद्यां वांगीं आणतांव कां?" आणि अप्पा न्हाणीघरात जाऊन रडले. म्हणून मठ आमच्या घरात काय होता, हे बाहेरच्या माणसाला सांगायला मला अजून नीट जमत नाही.

मी तंजावूरच्या कॉलेजात जायला लागले त्या दिवसांत अप्पांच्या पायरीवर एक सरदारीण, म्हणजे शीख बाई, येऊ लागली. तिचे यजमान विमानतळावर नोकरीला होते. तंजावुरात सलवार-कमीज शिवणारा शिंपी नव्हता, आणि अप्पांनी तिचा एक जुना कमीज उलटा करून, शिवण पाहून, हुबेहूब दुसरा शिवून दिला. ती उंच, जाड वेणीची, मोठ्यानं बोलणारी बाई होती. नाव सुरिंदर. ती अप्पांना 'मास्टरजी' म्हणे. तिच्याकडे शिंप्याला तसंच म्हणतात, पण आमच्याकडे मास्टर म्हणजे शाळेतला. अप्पा घरी येऊन आईला म्हणाले, "मज मास्टर म्हणते ती." आई म्हणाली, "मग उद्यांपासून छडी घेऊन जा." पण अप्पा त्यानंतर पायरीवर जरा ताठ बसू लागले, हे मी कॉलेजातून येताना पाहिलं आहे.

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी केळीच्या पानात थोडा कडा बांधून तिच्यासाठी नेला. मी तिथेच होते. तिनं पान उघडलं, वास घेतला, आणि एक घास तोंडात घातला.  मग म्हणाली, "मास्टरजी, यह तो कड़ाह है. हमारे गुरुद्वारे का. तुम्हें किसने सिखाया?"

अप्पांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत मठाचं सांगितलं. ती पुढच्या रविवारी यजमानांच्या स्कूटरवर बसून गावात आली. मठात पाय ठेवायच्या आधी तिनं ओढणी डोक्यावर घेतली, चपला काढल्या, आणि राखेचा गोळा पाहून हात जोडून कपाळाला लावले. आमच्या तिण्णैवर बसून तिनं सांगितलं आणि मी आईसाठी मराठी करत गेले. शिखांच्या पहिल्या गुरूंचा मोठा मुलगा संन्यासी झाला. त्याच्या मागून जे साधू गेले त्यांना उदासी म्हणतात. राख लावतात, धुनी पेटती ठेवतात, राखेचा गोळा पुजतात, देशभर फिरतात. जिथे राहतात तिथे लोकांना एका ओळीत बसवून जेवू घालतात. त्या ओळीला ते लोकही पंगतच म्हणतात. उदासी म्हणजे दुःखी नव्हे. उदासी म्हणजे ज्याला कशाची ओढ राहिली नाही तो.

 अप्पा एकदम म्हणाले, "म्हणून हसला तो." आणि स्वतःच हसायला लागले. किती पिढ्यांनी अडवून धरलेलं हसू ते. मग थांबून म्हणाले, "म्हणजे इतकीं वर्षं आम्ही तिथें रडलों तें चुकून?"

आईनं मला विचारलं, "काय म्हणते ती? तिथें उदास बसायचं नसतं?" मी सरदारणीला विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी आईच म्हणाली, "असूं दे. त्याचं नांव कांहीं कां असेना. मी बसत होत्यें तें तर खरंच ना."

त्यानंतर सुरिंदरबाई रविवारी येत राहिल्या. त्या साली त्यांच्याकडच्या, उत्तरेतल्या, बातम्या वाईट होत्या; शीख माणसं मारली जात, नाहीशी होत. त्यांचा भाऊ बरेच दिवस कुठे आहे ते कळत नव्हतं. त्यांनी आम्हाला ते एकदाच सांगितलं. उदासी म्हणजे काय ते आम्हाला शिकवणारी ती बाई एक दिवस उठून मठात गेली आणि आईच्या शेजारी, समाधीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई तिच्या पाठीवर हात ठेवून होती, जसा ती म्हशीच्या पाठीवर ठेवी, न थोपटता. नंतर दोघींनी आमच्या स्वयंपाकघरात आंबवणी आणि भात खाल्ला. चिंचेच्या त्या कोळाला सरदारीणबाईंनी नाक मुरडलं आणि वाटी पुन्हा पुढे केली.

त्याच सालच्या हिवाळ्यात रस्ता रुंद करायचा म्हणून माप घ्यायला माणसं आली. रस्त्याच्या त्या बाजूला जमीनदारांच्या नारळी होत्या आणि ह्या बाजूला आमचं कुंपण नि मठ. चुन्याची पांढरी रेघ ह्या बाजूला पडली. कुणी कुणाला काही विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. रेघ मठाच्या मधून गेली, चौथऱ्याच्या पलीकडून, म्हणजे समाधीही रस्त्यात.

गाव आधी चांगलं खवळलं होतं. राखेचा सामी हलवला तर पाऊस जाईल, असं म्हणणारी माणसं होती. कालव्यापलीकडच्या वस्तीतली पोरं रेघेवर जाऊन उभी राहिली. म्हणून महसूल खात्याचे एक अधिकारी जीपमधून आले, चिंचेखाली खुर्ची टाकून बसले, सगळ्यांना जमवलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे तमिळमध्ये विचारलं, "देऊळ असेल तर त्याला पर्यायी जागा देता येते. हे देऊळ कुणाचं? कुठला सामी?"

एकानं सांगितलं, सिद्धर, म्हणजे कुणी सिद्धपुरुष. दुसरा म्हणाला, शिवाचाच अंश. तिसरा म्हणाला, रामेश्वरला निघालेला कुणी राजा. अधिकारी हसले. "टेलरला विचारा," कुणीतरी म्हणालं. "टेलरण्णे, तुमच्याच घराचा आहे. तुम्ही सांगा."

अप्पा पुढे झाले. मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं होतं, ते नेहमीप्रमाणे म्हणतील, आमच्या वाडवडिलांचा मठ आहे, आम्ही सांभाळतों. पण त्यांना आता खरं ठाऊक होतं, आणि खरं ठाऊक असताना दुसरं बोलणं त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, "शिखांचा आहे. उदासी लोकांचा. पहिल्या गुरूंच्या मुलाच्या मार्गातले."

चिंचेखाली कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "शीख? इथे? मग शिखांपैकी कुणीतरी येऊन आमचा आहे म्हणून सांगू दे. मी वर लिहीन." आणि मागून, जो पावसाचं बोलला होता तोच माणूस, राग नसलेल्या आवाजात म्हणाला, "त्यांचा असेल तर त्यांनाच वाचवू दे, काय?" पोरं रेघेवरून हळूहळू बाजूला झाली. तेवढ्या एका वाक्यानं गाव मोकळं झालं. ह्यात मी आजही कुणाला दोष देत नाही. माणूस आपल्याच देवासाठी भांडतो. आणि जे एवढी वर्षं सगळ्यांचं होतं, ते त्या दुपारी एकाचं झालं, आणि तो एक तिथे हजर नव्हता.

सुरिंदरबाईंच्या यजमानांनी धडपड केली. मद्रासहून दोन वडीलधारी शीख गृहस्थ गाडी करून आले. पांढऱ्या दाढ्या, स्वच्छ कपडे, बोलणं इतकं मऊ की आईनं त्यांना घरातला एकुलता एक पाट दिला आणि दुसऱ्यासाठी शेजारून आणवला. त्यांनी कडा खाल्ला आणि एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते मठात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचे चेहरे उतरले होते. थोरले म्हणाले, "मास्टरजी, उदासींना आम्ही मानतो. पण आम्ही समाधी पूजत नाही, राख पूजत नाही. आमच्याकडे फक्त ग्रंथ. ही समाधी आणि हा गोळा काढला, तर आम्ही म्हणू शकतो, आमचं आहे."

अप्पा म्हणाले, "तें काढलं तर उरेल काय?"

 थोरल्यांनी अप्पांचा हात हातात धरला. जाताना त्यांनी तिण्णैला हात लावून तो डोळ्यांना लावला. गाडी गेली. अप्पा मला म्हणाले, "चंद्रा, तूं कॉलेजांत शिकतेस. सांग, आपण काय करायचं?" मी इतिहासच शिकत होते. कुठल्या राजानं कुठला किल्ला घेतला, ते मला पाठ होतं. मी त्यांना काहीच सांगू शकले नाही. माझ्या आयुष्यात मला इतकं निरुपयोगी पुन्हा कधी वाटलं नाही, आणि नंतर माझ्यावर बरेच प्रसंग आले.

पाडायला माणसं आली त्या सकाळी आई मठात जाऊन बसली होती. भांडण नाही, रडणं नाही. नेहमीसारखी, रस्त्याकडे तोंड करून. पहारी घेतलेली सात-आठ माणसं लॉरीतून उतरली, आणि एक म्हातारी नव्हे पण वयानं उतरलेली बाई आत बसलेली पाहून तिथेच थबकली. मुकादम अप्पांना म्हणाला, "बाईंना उठवा ना." अप्पा म्हणाले, "ती उठेल. मठांत बसलेल्याला कुणी उठवीत नाहीं." मुकादम विडी पेटवून बसला. सगळेच बसले. बस गेली, दुसरी बस गेली. मी दारात उभी होते आणि मला वाटत होतं, ती उठलीच नाही तर? दिवसभर बसली, उद्याही बसली, तर? आणि त्याच वेळी मला माहीत होतं की ती उठणार, कारण तिथे कायमचं बसायचं नसतं, हेच तर तिला तिथे शिकवलेलं होतं.

ती उठली. पदर खोचला आणि त्या माणसांकडे पाहून मला म्हणाली, "विचार गे, कुणी खाल्लंय कां सकाळीं." कुणी खाल्लं नव्हतं. मठात आलेला माणूस उपाशी परत जाऊ द्यायचा नाही, हा नियम. कशासाठी आला, हे त्यात नव्हतं. आईनं फळीवरचा तुपाचा डबा काढला. पीठ होतं थोडं, साखर शेजारून आणली. तिन्ही सारखं. वास सुटला तशी कालव्यापलीकडून दोन-चार बायका आल्या, गावातून काही जण आले, जे चिंचेखाली बाजूला झाले होते तेही आले.  त्या माणसांना पहारी भिंतीला टेकवून एका ओळीत बसवलं, मुकादम मध्ये, आणि बाकीचे त्यांच्या शेजारी. अप्पांनी वाढलं. त्यांच्यातला एक पोरसवदा मजूर दुसऱ्यांदा मागताना लाजला, आई म्हणाली, "वाढा त्याला." तो तिच्या रामूच्या वयाचा असावा, रामू असता तर.

मग त्यांनी हात धुतले आणि पहारी उचलल्या. कौलं अप्पांनी आणि त्या पोरसवदा मजुरानं मिळून एक एक करून उतरवली, फुटू नयेत म्हणून. ती कुठे लावायची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. गोळा अप्पांनी स्वतः उचलला, आणि चौथऱ्यावरून उचलताच तो त्यांच्या हातांत विरला. राखच ती. बोटांमधून खाली गेली. अप्पा तसेच हात पुढे करून उभे राहिले. आईनं त्यांचे हात पदरानं पुसले.

रस्ता झाला. चांगला रस्ता आहे, आजही. मी त्याच रस्त्यानं बसनं कॉलेजला गेले आणि बी.ए. झाले. बस त्या जागेवरून जाताना मी डोळे मिटत असे. आईची दुपार मोकळी राहू लागली. ती भांडी घासून झाल्यावर मागच्या अंगणात येरझारा घाली, मग काजं घेऊन बसे, मग उठे. एकदा रस्त्याकडेला जाऊन उभी राहिली. लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला आणि ती घाबरून आत आली. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "मी आतां कुठें बसूं गे?" सुरिंदरबाईंच्या यजमानांची बदली झाली होती. अप्पांना दम लागायला लागला होता. पायरीवरचं मशीन विकलं होतं.

मला बी.ए. म्हणून ओरत्तनाडूला एका शाळेत नोकरी लागली. मी तिथल्या कचेरीत अर्ज घेऊन जाऊ लागले. जागा द्या. कुणाच्या नावानं? मठाच्या. कुठला मठ, हिंदू की शीख? एका कारकुनानं अर्ज हिंदूंच्या टेबलावर पाठवला, तिथून तो अल्पसंख्याकांच्या टेबलावर गेला, तिथून परत आला. शाळा सुटली की मी जाई, बाकावर बसे, परत येई. कारकून मला 'उदासी टीचर' म्हणू लागले. अप्पा त्यातच गेले. पुढे एक नवीन तहसीलदार आल्या, मध्यम वयाच्या, पातळशा. त्यांनी सगळी टेबलं फिरून आलेला अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि मला विचारलं नाही की कुणाचा. त्यांनी विचारलं, "तिथे करतात काय?"

मी म्हटलं, "बसतात."

"आणि?"

"आणि जेवतात. एका ओळीत."

त्या म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." त्यांनी गावातल्या आणि कालव्यापलीकडच्या दोन्हीकडच्या माणसांना बोलावून विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे काय. चिंचेखाली बोललेला तो माणूसही आला होता, म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "बसू दे की."

कालव्याच्या पलीकडे, वस्तीच्या तोंडाशी, सरकारी पडीतल्या दीड सेंट, म्हणजे एका खोलीपुरत्या, जागेचा पट्टा मिळाला, गावाच्या सामाईक वापरासाठी म्हणून. आता वर पत्रा आहे, खाली सिमेंट. समाधी नाही, खळगा नवीन आहे. पट्टा हातात आला तेव्हा आई अजून हयात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून ती कालवा ओलांडून गेली आणि तिथे बसली.